नावाला हरकत नाही, विशेषणांना आहे

‘मुलाला उगाच शिक्का मारू नका’ हा सल्ला ऑटिझमच्या, म्हणजे मेंदूच्या वेगळ्या घडणीमुळे संवाद आणि वागणे वेगळे असण्याच्या, संदर्भात इतक्या सद्भावनेने दिला जातो की त्यामागचे गृहीतक सहसा कोणी तपासत नाही. निदान झाले नाही तर मूल बिनशिक्क्याचे राहील, असे हा सल्ला धरून चालतो. प्रत्यक्षात तसे कधीच घडत नाही. हाक मारली तरी वळून न पाहणाऱ्या, चार माणसांत गेल्यावर कान झाकून घेणाऱ्या, ठरलेला क्रम मोडला की आकांत करणाऱ्या मुलाला निदानाच्या कितीतरी आधी नावे मिळालेली असतात: हट्टी, घुमा, आगाऊ, लाडावलेला. तेच मूल मोठे झाले की एककल्ली, तऱ्हेवाईक, शिष्ट, माणूसघाणे ठरते. ही नावे द्यायला तपासणी लागत नाही, ती देणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही, आणि दोष प्रत्येक वेळी मुलाच्या स्वभावावर किंवा आईवडिलांच्या संगोपनावर जातो. तेव्हा निवड शिक्का आणि शिक्क्याचा अभाव यांच्यात नसून, शेजारपाजाऱ्यांनी दिलेले नाव आणि तपासून दिलेले नाव यांच्यात आहे.

तपासून दिलेल्या नावाचा उपयोग काय होतो, हे चाळिशी-पन्नाशीत निदान झालेल्या माणसांच्या बोलण्यात वारंवार ऐकू येते. त्यांच्यात बदल झालेला नसतो. पण आयुष्यभर स्वतःला लावून घेतलेला ‘आळशी’, ‘नाटकी’ किंवा ‘उद्धट’ हा शब्द बाजूला ठेवता येतो, आणि गर्दीतल्या तासाभरानंतर येणारा थकवा ही खोड नसून शरीराची रीत आहे हे ओळखता येते. लहान मुलाच्या बाबतीत निदानामुळे स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, शाळेतल्या सवलती यांची दारे उघडतात आणि आईवडिलांना एकमेकांवर दोष टाकण्याचे कारण उरत नाही. म्हणून ‘ऑटिझम’ या नावाशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते त्या नावाभोवती जमणाऱ्या विशेषणांशी आणि क्रियापदांशी: सौम्य, तीव्र, हाय फंक्शनिंग, मानसिक वय अमुक, अर्थहीन बडबड करतो, सहानुभूती नाही. मुलाला कशाची गरज आहे हे त्यांतल्या एकानेही कळत नाही; पाहणाऱ्याला काय जाणवले एवढेच कळते.

अर्थात नावानेही कमी अनर्थ केलेला नाही, आणि तो इतिहास थोडा पाहिल्याशिवाय विशेषणांचा प्रश्न नीट उलगडत नाही. ‘ऑटिझम’ हा शब्द ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९१०च्या सुमारास घडवला, तो स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. रुग्ण बाहेरच्या वास्तवाकडे पाठ फिरवून स्वतःच्या अंतर्विश्वात शिरतो, अशी त्याची कल्पना होती. ग्रुन्या सुखारेवा या रशियन डॉक्टर स्त्रीने १९२५ मध्ये सहा मुलग्यांचे जे वर्णन लिहिले ते आजच्या निकषांच्या आश्चर्यकारक जवळ जाते, पण तिने त्याला वेगळेच नाव दिल्यामुळे ते पुढे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. लिओ कॅनर या अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञाने १९४३ मध्ये अकरा मुलांवरील आपला प्रसिद्ध निबंध लिहिताना ब्लॉयलरचाच शब्द उचलला. ही स्थिती जन्मजात दिसते, असे त्याने त्या निबंधातच म्हटले होते. तरीही शब्दाला चिकटलेला जुना अर्थ सुटला नाही. वास्तवाकडे पाठ फिरवली म्हटल्यावर ‘का फिरवली?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि त्याचे उत्तर शोधणाऱ्यांची नजर पहिल्यांदा आईकडे गेली.

पुढची दोन दशके या नजरेनेच गाजवली. कॅनरनेही १९४९ मध्ये ही मुले जणू बर्फ न वितळणाऱ्या फ्रिजमध्ये ठेवलेली असल्याचे लिहिले, आणि ‘रेफ्रिजरेटर मदर’, म्हणजे मायेची ऊब नसलेली आई, ही शिवी वैद्यकीय शब्द असल्यासारखी वापरली जाऊ लागली. ब्रुनो बेटलहाइम याने १९६७ मध्ये हाच आरोप पुस्तकरूपाने लोकप्रिय केला, तोही अशा वेळी जेव्हा ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ मध्येच त्याचे सविस्तर खंडन करून ऑटिझम हा मेंदूच्या घडणीचा प्रश्न आहे असे मांडले होते. १९६९ मध्ये कॅनरने पालकांच्या सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएममध्ये, १९६८च्या दुसऱ्या आवृत्तीतही ही मुले बालवयातील स्किझोफ्रेनियाच्या खात्यात मोडत होती. १९८०च्या तिसऱ्या आवृत्तीत ऑटिझमला स्वतंत्र, विकासाशी संबंधित स्थिती म्हणून जागा मिळाली. मराठीत रूढ झालेला ‘स्वमग्नता’ हा शब्द ब्लॉयलरच्या मूळ कल्पनेशी प्रामाणिक आहे, आणि नेमकी हीच त्याची अडचण आहे: आपल्यातच रमलेल्या, बाहेर यायला नको असलेल्या मुलाचे चित्र तो उभे करतो, तर पुष्कळशा मुलांची तक्रार, ती करता आली तर, बाहेरचे जग नको तेवढे आत शिरते अशी असते. पालकसंघटनांनी आणि शिक्षकांनी हा शब्द आपलेपणाने वापरला आहे, त्यामुळे तो हद्दपार करा असे मी म्हणणार नाही. मात्र या लेखात मी ‘ऑटिझम’च वापरतो आहे.

आता विशेषणे. डीएसएमच्या १९९४च्या आवृत्तीत ऑटिस्टिक डिसऑर्डर, अॅस्पर्गर आणि ‘अन्यथा न नोंदवलेला’ (म्हणजे इतर कप्प्यांत न बसणारा) असे वेगवेगळे कप्पे होते. अॅस्पर्गरचा कप्पा हुशार, व्यवस्थित बोलणाऱ्या, पण लोकांत अवघडणाऱ्या व्यक्तींसाठी होता, आणि अनेकांनी तो अभिमानाने स्वीकारला. २०१३च्या पाचव्या आवृत्तीने हे कप्पे मोडून ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ हे एकच नाव ठेवले. हा कप्पा ज्याच्या नावाचा त्या व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ हान्स अॅस्पर्गरच्या नाझी राजवटीशी असलेल्या सहकार्यामुळे हे नाव काढले गेले असे अनेकांना वाटते. पण त्याने काही मुलांना तिथल्याच आम श्पीगलग्रुंड या संस्थेत, जिथे अपंग मुलांना मारले जात होते, पाठवण्याची शिफारस केल्याचे पुरावे इतिहासकार हेरविग चेक याने २०१८ मध्ये मांडले, म्हणजे निर्णयानंतर पाच वर्षांनी. खरे कारण अधिक रुक्ष आणि माझ्या मते अधिक बोलके होते. अमेरिका-कॅनडातील बारा विद्यापीठीय केंद्रांत तपासलेल्या दोन हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व केंद्रांची तपासणीची साधने सारखी होती, मुलांची लक्षणेही केंद्रागणिक फारशी वेगळी नव्हती, तरी कोणत्या मुलाला कोणता कप्पा मिळणार हे मुलाच्या गुणदोषांपेक्षा त्याची तपासणी कोणत्या केंद्रात झाली यावरून अधिक ठरत होते. एका केंद्रातले डॉक्टर ‘अॅस्पर्गर’ लिहीत होते, दुसरीकडे तशाच मुलाला ‘ऑटिस्टिक डिसऑर्डर’ मिळत होते. आईवडिलांनी मात्र तो शब्द मुलाच्या भविष्याचा दाखला म्हणून जपून ठेवला असणार.

कप्पे गेले, पण बोलण्यातली उतरंड गेली नाही. ‘हाय फंक्शनिंग’ हा शब्द कोणत्याही अधिकृत पुस्तिकेत कधीच स्वतंत्र निदान नव्हता. संशोधकांनी बुद्ध्यांक ७०च्या वर असलेल्यांसाठी सोय म्हणून तो वापरला आणि तिथून तो शाळांत, दवाखान्यांत, नातेवाइकांच्या बैठकीत पसरला. त्यात दडलेला दावा असा की बुद्ध्यांक चांगला असेल तर माणसाचे रोजचे जगणेही त्याच प्रमाणात सुरळीत चालते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील २,२२५ मुले व तरुण यांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हा दावा खोडून काढला: बौद्धिक अक्षमता नसलेल्यांमध्ये बुद्ध्यांक आणि दैनंदिन व्यवहार सांभाळण्याची क्षमता यांतली दरी मोठी होती. अंघोळ, कपडे, पैसे, प्रवास, वेळ पाळणे या गोष्टी बुद्ध्यांकाच्या चाचणीत येतच नाहीत. मग गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीला शाळेतून घरी आल्यावर दोन तास अंधाऱ्या खोलीत बसावे लागते, हे सांगणाऱ्या आईला ‘पण ती तर हाय फंक्शनिंग आहे ना?’ असे उत्तर मिळते आणि मदतीचा विषय तिथेच बंद होतो. दुसऱ्या टोकाला ‘लो फंक्शनिंग’ लिहिलेला मुलगा चित्रांवर बोट ठेवून किंवा टॅबलेटवर अक्षरे दाबून काही सांगू शकेल का, हे पाहण्याचे कष्ट घेतले जात नाहीत, कारण उत्तर शब्दात आधीच आलेले असते. पहिल्या शब्दाने मदत नाकारली जाते आणि दुसऱ्याने अपेक्षा. दोन्हीकडे काम तपास थांबवण्याचेच आहे.

‘सौम्य’ आणि ‘तीव्र’ यांचे माप घेणारा कोण, हेही विचारायला हवे. जे मूल वर्गात शांत बसते त्याचा ऑटिझम सौम्य आणि जे ओरडते त्याचा तीव्र, असा हिशेब होतो तेव्हा मोजला जातो तो वर्गाला झालेला त्रास. स्वतःची लक्षणे लपवण्याची, इतरांचे हावभाव पाठ करून वापरण्याची जी धडपड ऑटिस्टिक माणसे करतात, ज्याला मास्किंग म्हणतात, ती जितकी यशस्वी तितका त्यांचा ऑटिझम सौम्य ठरतो, आणि त्या धडपडीने येणारी चिंता, नैराश्य, कोलमडणे हे सगळे वेगळ्या फाइलीत जाते. मुलींचे निदान उशिरा होण्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक आहे.

डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीने ‘किती बिघडले’ याऐवजी ‘किती आधार लागतो’ असे विचारून तीन पातळ्या ठरवल्या, आणि त्या संवाद व पुनरावृत्तीचे वर्तन या दोन क्षेत्रांसाठी स्वतंत्रपणे नोंदवायला सांगितल्या. परिस्थितीनुसार आणि काळानुसार ही पातळी बदलू शकते, आणि कोणाला सेवा द्यावी हे केवळ त्यावरून ठरवू नये, अशी सूचनाही तिथे आहे. व्यवहारात काय झाले? ‘लेव्हल वन’, ‘लेव्हल थ्री’ हे मुलाचे कायमचे बिरूद झाले आणि सेवांची पात्रताही अनेक ठिकाणी त्यावरच ठरू लागली. पुस्तिकेतले वाक्य चांगले असून भागत नाही. वाक्याचा आकडा झाला की आकडाच तेवढा प्रवास करतो.

‘मानसिक वय’ हा तर त्याहून निर्दय शब्दप्रयोग. तीस वर्षांच्या माणसाचे मानसिक वय चार, असे लिहिले की त्याच्याशी बोबडे बोलायला, त्याच्यासमोर त्याच्याविषयी चर्चा करायला, त्याला नको असलेला स्पर्श करायला मोकळीक मिळते. तीस वर्षांच्या माणसाला तीस वर्षांचे शरीर, तीस वर्षांच्या आठवणी आणि तीस वर्षांचा कंटाळा असतो. चाचणीतला गुण चार वर्षांच्या मुलाच्या सरासरी गुणाइतका आला, एवढेच त्या आकड्याला म्हणायचे असते.

क्रियापदांची कथा थोडी वेगळी आहे, कारण ती संशोधनाच्या भाषेतूनच आली. ‘ऐकलेले वाक्य अर्थहीनपणे परत परत म्हणतो’ असे वर्णन अहवालांत दशकानुदशके येत राहिले आणि पोपटपंची थांबवणे हे उपचाराचे ध्येय मानले गेले. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डकन यांनी १९८१ मध्ये काही मुलांच्या अशा उच्चारांचा प्रसंगासह, नजर आणि हालचालींसह अभ्यास केला तेव्हा त्यांना त्यात सात वेगवेगळी कार्ये दिसली: होकार देणे, मागणी करणे, संभाषणातली आपली पाळी सांभाळणे, स्वतःला समजावणे वगैरे. ‘पाणी हवं का?’ असे उलट विचारणारे मूल बहुधा पाणी मागत असते. ‘अर्थहीन’ हे विशेषण मुलाच्या वाक्यावर बसवले गेले होते, पण कमतरता ऐकणाऱ्याच्या कानात होती.

सहानुभूतीच्या बाबतीत हीच चाल अधिक मोठ्या प्रमाणावर झाली. सायमन बॅरन-कोहेन, अॅलन लेस्ली आणि ऊटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये बाहुल्यांच्या साहाय्याने एक प्रयोग केला, ज्यात दुसऱ्याच्या मनातली चुकीची समजूत ओळखायची होती. वीस ऑटिस्टिक मुलांपैकी सोळांना ते जमले नाही, चौघांना जमले. प्रयोग चातुर्याचा होता आणि त्याने संशोधनाला दिशा दिली, हे मान्यच आहे. परंतु पुढे ‘वीसपैकी सोळा मुलांना या वयात हे कोडे सुटले नाही’ या वाक्याचे ‘ऑटिस्टिक माणसांना दुसऱ्याचे मन कळत नाही’ असे झाले, आणि तिथून ‘त्यांना भावना नसतात’ इथपर्यंत यायला लोकांना फार वेळ लागला नाही. ते चौघे वाटेत गळाले. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये ‘दुहेरी सहानुभूतीची समस्या’ मांडली, ती या भाषेला दिलेले उत्तर होते: दोन वेगळ्या रीतींची माणसे एकमेकांना समजत नसतील तर ते अपयश एकट्या ऑटिस्टिक व्यक्तीच्या खात्यावर का टाकावे? कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये एक गोष्ट माणसाकडून माणसाकडे सांगत नेण्याचा प्रयोग केला. सर्व ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत गोष्टीचा तपशील इतर माणसांच्या साखळीइतकाच टिकला. तो अधिक गळाला मिश्र साखळीत. २०२५ मध्ये मोठ्या गटावर तो प्रयोग पुन्हा झाला तेव्हा मिश्र साखळीही मागे पडली नाही, म्हणजे मिल्टनच्या सिद्धांताचा हा पुरावा वाटला तितका सरळ नाही. दोन्ही वेळा एक गोष्ट मात्र कायम राहिली: ऑटिस्टिक साखळी कमी पडली नाही.

‘ऑटिस्टिक व्यक्ती’ म्हणावे की ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’, या वादावर मी फार थांबणार नाही. ब्रिटनमध्ये ३,४७० जणांकडून घेतलेल्या मतांच्या २०१६च्या अहवालात बहुसंख्य ऑटिस्टिक प्रौढांनी पहिले रूप पसंत केले, तर दुसऱ्याचा आग्रह प्रामुख्याने व्यावसायिकांकडून आला. ऑटिस्टिक कार्यकर्ते जिम सिंक्लेअर यांनी नव्वदच्या दशकातच लिहून ठेवले आहे की ऑटिझम हा माणसापासून सुटा करता येण्याजोगा भाग नाही, आणि त्याला शब्दांत सुटा करण्याचा खटाटोप म्हणजे तो काहीतरी लाजिरवाणा आहे असे मानणे. समोरच्याला विचारावे आणि तो सांगेल ते वापरावे, यापलीकडे नियमाची गरज मला दिसत नाही. ‘ऑटिझमने ग्रस्त’ आणि ‘ऑटिझमचा बळी’ हे मात्र सोडून द्यावेत, आणि ‘विशेष मूल’ हा गोड शब्दही, कारण गरज नेमकी कोणती हे सांगण्याची जबाबदारी तो टाळतो.

याच्या उलट बाजूने येणारा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो पालकांचा आहे. ज्यांचे मूल वीस वर्षांचे झाले तरी बोलत नाही, स्वतःचे डोके भिंतीवर आपटते, रात्री झोपत नाही आणि एका क्षणासाठीही एकटे सोडता येत नाही, त्यांना ‘ऑटिझम म्हणजे केवळ वेगळेपण’ हे ऐकवले जाते तेव्हा त्यांचे आयुष्य भाषेतूनच वगळले जाते. स्पेक्ट्रम या एका शब्दाखाली विद्यापीठात शिकवणारा प्राध्यापक आणि हा तरुण दोघेही आल्यावर व्यासपीठावर कोण बोलणार हे उघड आहे. या अस्वस्थतेतूनच लॅन्सेट नियतकालिकाच्या आयोगाने २०२१च्या अखेरीस ‘प्रोफाउंड ऑटिझम’ अशी संज्ञा सुचवली: आठ वर्षे वा त्याहून मोठे वय, बुद्ध्यांक ५०च्या खाली किंवा अगदी तुटपुंजी भाषा, आणि सतत प्रौढाच्या देखरेखीची गरज. अनेक ऑटिस्टिक कार्यकर्त्यांनी तिला विरोध केला.

माझे मत दोघांनाही पूर्ण पटणारे नाही. चोवीस तास देखरेख लागते, हे लपवणारी भाषा सभ्य असली तरी अप्रामाणिक आहे, आणि ती वापरणाऱ्यांनी त्या घरातली एक रात्र सांभाळून दाखवावी. तरीही ‘प्रोफाउंड’ हा शब्द पुन्हा ‘लो फंक्शनिंग’च्याच वाटेने जाण्याचा धोका मला दिसतो, कारण बुद्ध्यांक, भाषा आणि देखरेख या तीन स्वतंत्र गोष्टींची तो एकच गाठ बांधतो. न बोलणाऱ्या मुलाचा बुद्ध्यांक बोलण्यावर बेतलेल्या चाचणीने काढला तर तो ५०च्या खाली येणारच. स्वतःला इजा करणाऱ्या मुलाच्या वागण्यामागे दाताचे दुखणे, बद्धकोष्ठता किंवा फिट्स असू शकतात, आणि ‘प्रोफाउंड ऑटिझममध्ये असे होतेच’ या वाक्याने ती तपासणी राहून जाते. म्हणून देखरेखीची गरज मोठ्या अक्षरांत लिहावी, तिच्यासाठी पैसा आणि माणसे मागावीत, पण तिचे रूपांतर मुलाच्या जातीत करू नये.

भाषेची गल्लत आकड्यांपाशी सर्वांत महाग पडते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या पाहणीत २००० साली आठ वर्षांच्या १५० मुलांमागे एक, तर २०२२ साली ३१ मुलांमागे एक असे प्रमाण नोंदले गेले, आणि या चढाला ‘साथ’ म्हटले गेले. साथ म्हटले की जंतू किंवा विष शोधणे आले. १९९८ मध्ये अवघ्या बारा मुलांच्या आधारे लसीवर संशय घेणारा आणि २०१० मध्ये मागे घेतला गेलेला निबंध याच भाषेवर पोसला गेला. त्या दोन आकड्यांच्या दरम्यान निकष रुंदावले, लहान वयात चाळणी-तपासणी सुरू झाली, ज्यांना पूर्वी फक्त मतिमंद म्हटले जाई त्यांतल्या अनेकांना ऑटिझमचे निदान मिळू लागले, आणि मुली व बोलणारी मुले नोंदीत आली. यातून सगळी वाढ समजावता येते असा दावा मी करणार नाही. पण मोजले जाणारे नावच बदलत असताना त्या नावाच्या वाढीला साथ म्हणणे, हे मोजणीच्या प्राथमिक नियमांना धरून नाही.

विशेषणे काढून टाकल्यावर अहवालात लिहायचे काय, हा व्यावहारिक प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर अवघड नाही. ‘तीव्र ऑटिझम’ऐवजी असे लिहिता येते: बोलून सांगत नाही, पण हवी ती वस्तू हात धरून दाखवतो, प्रेशर कुकरची शिट्टी आणि ड्रिलचा आवाज सहन होत नाही, घटनाक्रम आधी चित्रांतून दाखवला तर बदल स्वीकारतो, रस्त्यावर एकटा सोडता येत नाही, पोहायला आवडते. पुढच्या शिक्षकाला, डॉक्टरला किंवा काकांना यातून लगेच काही करता येते, आणि सहा महिन्यांनी यातले कोणते वाक्य खोटे ठरले हे तपासताही येते; ‘तीव्र’ हा शब्द खोटा ठरवण्याची सोयच नसते. असे अहवाल काही तज्ज्ञ आजही लिहितात. बाकीचे लिहीत नाहीत ते त्यांना कळत नाही म्हणून नव्हे. अर्जावर एकच चौकट असते, रांगेत पुढचे मूल बसलेले असते, आणि मुलाला हात धरून वस्तू दाखवताना पाहायचे तर त्याच्यासोबत जितका वेळ बसावे लागते, तितका वेळ तपासणीच्या वेळापत्रकात धरलेलाच नसतो.